एक सूत खाली

माझी उंची पावणेपाच फूट. म्हणजे, होती. त्याचंच सांगायचंय, पण क्रमानं सांगते, नाहीतर वहिनी म्हणते तसं मी शेपटापासून सुरू करते आणि तोंडापर्यंत पोचतच नाही.

लॅबमध्ये मला सगळे 'पावणेपाच' म्हणतात. तोंडावर. मी ओ देते, कारण नाही दिली तर याहून वाईट काहीतरी ठेवतील. काम रक्त काढायचं. लोकांच्या घरी जायचं, दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळ्या भरायच्या, नाव लिहून थंड पेटीत ठेवायच्या. अकरा वर्षं हे मी पायी आणि बसनं केलंय. माझा हात हलका आहे, म्हाताऱ्या बायका मलाच पाठवा म्हणून फोन करतात. हे मी माझ्याच तोंडानं सांगतेय, पण खोटं नाही.

मग टेकडीवरच्या वस्तीची जागा निघाली. कायमची नोकरी, आणि तिथल्या केंद्रावर राहायला एक खोली. खोली! आतून कडी लावता येईल अशी. मी चौतीस वर्षांची आहे आणि दादा-वहिनीच्या घरात कपाटामागे पडदा टाकून झोपते. दादा चांगला आहे, वहिनी तर त्याहून चांगली, पण पडदा तो पडदा. कूस बदलली तरी पलीकडून "झोप येत नाही का गं?" विचारतात. ती खोली मला इतकी हवी होती की पडद्याआड पडल्या पडल्या मी मनात तिथलं सामान लावत बसायची.

अट एकच, स्वतःची मोटारसायकल. थंड पेटीचा लोखंडी सांगाडा मोटारसायकललाच बसतो. स्कूटर चालत नाही, हे मी त्या महिन्यात निदान पन्नास जणांना समजावलं असेल. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सर स्वतः बघणार होते. पेटी लादून लॅबमागच्या चढावर गाडी न्यायची, अर्ध्यात थांबवायची, पुन्हा उचलून वर न्यायची. जमलं तर पत्र मला, नाही जमलं तर आमच्याकडच्या लंबूला, ज्याला गाडी झकास येते पण शीर सापडत नाही.

लायसन्स होतं माझ्याकडे. शिकवणारा मागे बसून स्वतःचे पाय टेकवायचा, म्हणून मिळालं.

जुन्या गाड्यांचा बाजार पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये आहे. मालक मला बघताच म्हणाला, "ताई, स्कूटर त्या बाजूला."

"मोटारसायकल हवीय."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हणाले. "भेट देणार आहे."

तो हसला आणि मग बिचाऱ्यानं सात गाड्या दाखवल्या. एकीची सीट इतकी रुंद की पाय फाकूनच संपले, खाली जायला उरलेच नाहीत. एकीचं हँडल इतकं लांब की टाकीवर पालथं पडून धरावं लागलं. एक हलकी होती, तिच्यावर जीव बसला, तर तीच कलंडली आणि शेजारच्या दोघींना घेऊन पडली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी माफी मागितली आणि कोपऱ्यात एका टायरवर जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं. आयुष्यभर शेल्फं उंच, खुर्च्या उंच, बसच्या कड्या उंच, आणि चूक मात्र नेहमी माझी.

तिथेच तो कागद दिसला. बाकी सगळ्या जाहिराती भिंतीवर वर लावल्या होत्या, हा एकटाच खाली, टायरवर बसलेल्या माझ्या बरोबर डोळ्यांसमोर. 'ज्यांचे पाय टेकत नाहीत त्यांच्यासाठी. मोटारसायकल, चालू स्थितीत. येऊन बसून पाहावे.' खाली टेकडीच्या पायथ्याचा पत्ता.

"हा कोणी लावला?" मी मालकाला विचारलं.

त्यानं वाकून पाहिलं. "काय की. मी पहिल्यांदाच बघतोय."

शनिवारी दुपारी गेले. बैठं घर, पुढे अंगण, दारात दोघं उभी. म्हातारा-म्हातारी, दोघंही माझ्याहून किंचित बुटकी. काका पूर्वी बुटांच्या कारखान्यासाठी लाकडी साचे करायचे, काकू कपडे शिवायच्या. मला आत बोलावलं, खुर्ची दिली. मी बसले आणि माझे पाय जमिनीला टेकले.

हे तुम्हाला कळणार नाही. चौतीस वर्षांत मोठ्यांच्या खुर्चीवर बसून माझे तळवे कधी जमिनीला लागले नव्हते. टेबल कोपराला बरोबर आलं. कप ठेवायची फळी हाताशी. दाराची कडी, दिव्याचं बटण, खिडकीची चौकट, सगळं जिथे हात जाईल तिथेच. मला रडू फुटेल की काय असं झालं.

"बरं वाटतंय ना?" काकू म्हणाल्या. "सगळं ह्यांनी केलंय. त्रास नको कुणाला."

मग त्यांनी माझं माप घेतलं. टेपनं नाही, पांढऱ्या दोऱ्यानं. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून मांडीचा सांधा, मग खांदा, मग थेट टाळू, प्रत्येक ठिकाणी एक गाठ. हात कसा थंडगार होता त्यांचा!

"टेप नाही वापरत, काकू?"

"टेप सगळ्यांना एकच असते, बाळ. दोरा ज्याचा त्याचा."

"मग वाढीला सोडा थोडं," मी गंमत केली. लहानपणी शिंप्याला आई हेच सांगायची.

काकू हसल्या नाहीत. "नाही गं," त्या म्हणाल्या, "आम्ही वाढीला सोडत नाही."

काका दोरा घेऊन अंगणात गेले आणि तासाभरानं हाक मारली. गाडी काळी, साधी, कुठे नाव नाही की चिन्ह नाही. "सीट सत्तावीस इंच केलीय," ते म्हणाले. पुढे सीट निमुळती तासलेली, मागचे शॉकअप आखूड, हँडल मागे ओढून घेतलेलं, क्लचचा दांडा माझ्या बोटांच्या पेरात येईल असा वळवलेला. मी बसले. दोन्ही तळवे सपाट. गुडघे किंचित वाकलेले, हवे तेवढेच. पाठीला ताण नाही, मनगटाला ताण नाही. मी अंगणात दोन चकरा मारल्या, थांबले, पुन्हा पाय टेकवले. कुणीतरी अंगाखाली पलंग सरकवावा तशी ती गाडी.

"घेतली!" मी म्हणाले. भाव करायचं सुचलंसुद्धा नाही.

"एक अट आहे," काका म्हणाले. "पुढचे तीन शनिवार आणायची. मुरावी लागते. शेवटच्या शनिवारी कागद देतो."

एवढीच अट! मी हो म्हणून, साठवलेले पैसे मोजून मोकळी झाले.

पुढचे दिवस काय सांगू. मी गाडी चालवत होते. मी! सिग्नलला थांबले की दोन्ही पाय टेकवून आजूबाजूला बघायची, कुणी बघतंय का. लंबूचं तोंड एवढंसं झालं होतं. दादानं मागे बसून एक चक्कर मारली आणि घरी येऊन वहिनीला म्हणाला, "चालवते हो व्यवस्थित." आमच्या दादाच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

दुसऱ्या शनिवारी गेले. काकूंनी पुन्हा दोरा काढला, पुन्हा माप. काकांनी पाना घेऊन मागे काहीतरी केलं. "एक सूत खाली घेतली," म्हणाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ते काय कळणार? पण बसले तर खरंच आणखी बरं वाटलं. तिसऱ्या शनिवारीही तेच. दोरा, पाना, चहा, आणि निघताना काकूंनी गालावरून फिरवलेला थंड हात.

त्या दिवशी आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. बारीक, लहान मुलासारखा.

"मुलगी आहे," काकू म्हणाल्या. "ती बाहेर येत नाही. तिला सगळं आतच आहे."

मी पुढे विचारलं नाही. लोकांच्या घरात आजारी माणूस असतं, मला त्यात नवल नाही.

मग एका सकाळी वहिनी म्हणाली, "बारीक झालीस का गं?"

"गाडीवर बसून कोण बारीक होतं?"

"मग विजार का लोळतेय जमिनीवर?"

खाली बघितलं तर खरंच, काठ टाचेखाली आला होता. कापड सैल पडलं असेल, दुसरं काय. लॅबमध्ये पांढऱ्या कोटाच्या बाह्या बोटांवर आल्या, त्या मी दुमडल्या. नळ्यांच्या खोक्यासाठी मी नेहमी टाचा उचलायची, त्या दिवशी उचलूनही खोकं हाताला लागलं नाही. सफाईवालीनं शेल्फ वर ठोकलं की काय म्हणून मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. 

खरी धडकी भरली ती बुधवारी. एका आजींचं रक्त काढत होते, माझ्या नेहमीच्या. हातमोजे नेहमीच्याच मापाचे, पण बोटांच्या टोकाशी रिकामी पोकळी. शीर चाचपली, काही लागेना. टोचलं, चुकलं. पुन्हा टोचलं. आजींनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "आज काय झालंय गं तुला?" अकरा वर्षांत माझी शीर चुकली नव्हती.

लॅबमध्ये परतले आणि उंची मोजायच्या दांडीखाली जाऊन उभी राहिले. चार फूट साडेसात इंच. दीड इंच कमी. दांडी सैल असेल म्हणून लंबूला उभं केलं, तर तो जेवढा होता तेवढाच भरला. मग टेप घेऊन गाडीपाशी गेले आणि सीटची उंची मोजली. साडेपंचवीस. पहिल्या दिवशी काका सत्तावीस म्हणाले होते. दोन वेळा एक एक सूत खाली घेतली, तर पाव इंच जायला हवा होता. उरलेला सव्वा इंच कोणी काढला? मी सीटवर बसले. तळवे सपाट, गुडघे पहिल्या दिवसाइतकेच वाकलेले, तसूभरही जास्त नाहीत.

सीट दीड इंच खाली गेली आणि माझे पाय अगदी तेवढेच टेकतायत. मी तिथे बसून हा हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

तुम्ही म्हणाल, गाडी तिथेच सोडायची की! पण कागद काकांकडे होते. कागदांशिवाय सोमवारी सर गाडीला हातसुद्धा लावू देणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर, सांगायला लाज वाटते, पण ती गाडी सोडवत नव्हती. गुरुवारी सकाळी सगळं माहीत असून मी तिच्यावर बसले, आणि बसल्याबरोबर भीती गेली. तेच भयंकर होतं. तिच्यावर बसलं की काही दुखत नाही, काही खुपत नाही, काही वाटतच नाही.

शेवटच्या शनिवारी गेले. कागद टेबलावर ठेवलेले होते, वर एक लाकडी ठोकळा. काका पाना पुसत होते. काकूंनी दोरा काढला.

"नाही," मी म्हणाले. "आज नवा दोरा नको. पहिला आणा."

काकूंना वाईट वाटलं नाही. त्यांनी शांतपणे खुंटीवरचा दोरा काढला, माझ्या टाळूवर धरला आणि सोडला. टाचेची गाठ जमिनीवर पडली आणि तिच्या वरचा दोरा वेटोळा झाला. बोटभर. नाही, बोटाहून जास्त.

"बघ," काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती छान बसलीस!"

त्याच खुंटीशेजारी दुसरी खुंटी होती. तिच्यावर पन्नास-साठ दोरे, सगळ्यांत मागचा जमिनीपर्यंत लोंबणारा, मग त्याहून आखूड, त्याहून आखूड. पुढचा तर जेमतेम माझ्या कमरेएवढा होता.

"हे कोणाचे?"

"मुलीचे."

"म्हणजे... हा सगळ्यांत छोटा, जन्मली तेव्हाचा?"

"नाही गं." काकूंनी तो लांबलचक दोरा मायेनं कुरवाळला. "हा पहिला. केवढी उंच होती! सारखी धडपडायची. दारांना डोकं आपटायचं, गाडीवरून पडायची. ह्यांना बघवायचं नाही. मग आम्ही हळूहळू सगळं तिच्या सोयीचं करत गेलो." त्यांनी तो सगळ्यांत आखूड दोरा दाखवला. "हा परवाचा."

मी आतल्या खोलीचं दार ढकललं. कुणी अडवलं नाही.

खोली सुरेख होती. छोटी खुर्ची, छोटं टेबल, छोटी पुस्तकांची मांडणी, सगळं गुळगुळीत घासलेलं, एक कोपरा टोकदार नाही. पलंगावर एक बाई उशीला टेकून बसली होती. केसांत पांढऱ्या बटा, डोळ्यांभोवती सुरकुत्या, पन्नाशीची असेल. आणि आकार दोन वर्षांच्या मुलीचा.

मी रुग्णांना बघून कधी घाबरत नाही. पण मी दाराची चौकट घट्ट धरली.

"ये ना," ती म्हणाली. आवाज बारीक, पण बोलणं मोठ्या माणसाचं. "गाडीवाली ना तू? बसते का बरोबर?"

"हो, ताई. अगदी बरोबर."

"मलाही अगदी बरोबर बसायची." ती उशीवर जरा सरकली. "शेवटी शेवटी मी फक्त बसायची. चालवायची कशाला? बसूनच इतकं बरं वाटायचं."

"तुम्ही... केवढ्या होतात?"

तिनं विचार केला. "आता नाही आठवत. पण या पलंगावरून मला टेकडी दिसायची. नंतर फक्त आभाळ दिसायला लागलं." तिनं खिडकीकडे पाहिलं. चौकट तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. "बाबा म्हणालेत, खिडकी खाली घेतो."

"ताई, चला माझ्याबरोबर. मी उचलून नेते तुम्हाला." हे मी खरंच म्हणाले. तिचं वजन माझ्या थंड पेटीपेक्षा कमी असेल.

"बाहेर?" ती घाबरली. चादर तिनं गळ्यापर्यंत ओढून घेतली. "नको, नको. बाहेर सगळं टोचतं. इथे मला आजवर काही टोचलं नाही गं. रागावू नकोस त्यांच्यावर. खूप करतात माझ्यासाठी." आणि मग, चादरीतून, आणखी हळू आवाजात, "तू मात्र आता बसू नकोस हं तिच्यावर. निघालीस तर पायी जा."

मी बाहेर आले. काका अंगणात गाडीपाशी उकिडवे बसले होते. "दहा मिनिटं थांब," ते न बघताच म्हणाले, "एक सूत खाली घेतो, मग कागद घेऊन जा."

टेबलावरचे कागद हाताच्या अंतरावर होते. पण गाडीच नको तर कागद काय चाटायचेत? मी किल्ली टेबलावर ठेवली आणि फाटकाकडे चालू लागले. पैसे दिलेले गेले ते गेले.

"अगं, पायी जाणार?" काकू मागून म्हणाल्या. रागानं नाही. काळजीनं. तीच काळजी मला सगळ्यांत भयंकर वाटली. "पाय दुखतील ना, बाळ!"

मी पळाले. दीड इंच लोळणाऱ्या विजारीत दोनदा अडखळून पडले, गुडघा फोडून घेतला आणि बसथांब्यावर येऊन हमसून हमसून रडले. त्या बाईला तिथेच सोडून आले म्हणून, आणि नोकरी गेली म्हणूनही.

घरी वहिनीला सगळं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. तिनं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, सुईदोरा काढला आणि विजारीचा काठ दुमडायला घेतला. मग म्हणाली, "सोमवार उद्याच नाहीये. मध्ये एक रविवार आहे."

रविवारी उघडताच आम्ही दोघी बाजारात हजर. मालकानं मला ओळखलं आणि उभ्या गाड्यांच्या पुढे जाऊन हात पसरून उभा राहिला.

"ताई, कृपा करा."

मी त्याच्या मागच्या एका गाडीकडे बोट दाखवलं. लाल, जुनी, सीट एकोणतीस इंच, पुढे मात्र अरुंद आणि वजनाला बेताची. मी बसले. दोन्ही पाय लोंबकळले.

"दोन्ही पाय टेकवायचे कोणी सांगितलं तुम्हाला?" मालक वैतागून म्हणाला. "एकच टेकवा. डावीकडे सरका, बैठक अर्धी सोडा. उजवा पाय ब्रेकवर. अंगठा लागला की झालं."

सरकले. ताणला. आणखी ताणला. डाव्या बुटाचं टोक जमिनीला लागलं.

"कागद आज घेऊन जा, उद्या जमलं तर हप्ते बांधून देतो," तो म्हणाला. "नाही जमलं तर गाडी परत. आणि पाडलीत तर आरसा तुमच्या खात्यावर."

शाळेच्या मैदानावर दिवसभर सराव. वहिनी मागचा कॅरियर धरून पळत होती, "सोडू का? सोडू का?" करत, आणि मी "सोडू नकोस!" म्हणून बोंबलत होते. चारदा पडले. एकदा वहिनीवरच पडले. तिसऱ्या वेळी गाडी एकटीनं उचलली. संध्याकाळी मांड्या, पोटऱ्या, मनगटं, सगळं ठणकत होतं. दादानं गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

सोमवारी सकाळी दांडीखाली उभी राहिले. चार फूट साडेसात इंच होते, तेवढेच भरले. गेलेलं आलं नाही, पण आणखी गेलंही नव्हतं.

लॅबमागचा चढ. सांगाड्यात पेटी, पेटीत बर्फाच्या पिशव्या. वर सर हातात फळी-कागद घेऊन उभे, बाजूला लंबू हाताची घडी घालून. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, निघाले. अर्ध्यावर सरांनी हात वर केला. "थांबा!"

ब्रेक. डावीकडे सरकले. पाय सोडला, आणि पाय पोचला नाही. रस्ता तिथे नेमका खोलगट होता. गाडी कलायला लागली, पेटी मागे खेचायला लागली. एक क्षण मला ती काळी सीट आठवली, खरं सांगते. मग मी बैठक पार सोडली, कमरेतून, मांडीतून, घोट्यातून जेवढी होते तेवढी सगळी लांब झाले. बुटाचं टोक खड्ड्याच्या तळाला लागलं. पाय लटलटत होता. गाडी थांबली.

सर खाली चालत आले. माझ्या बुटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. भला माणूस आहे, चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"अहो, अंगठ्यावर उभ्या आहात तुम्ही."

"हो, सर."

"रोज असं कसं करणार? एक काम करा. माझ्या ओळखीचा एक जण आहे, सीट खाली घेऊन देतो. फार नाही, थोडीशी. अगदी आरामात..."

"नको!"

मी इतक्या जोरात ओरडले की लंबूनं हाताची घडी सोडली. पोटरीत गोळा आला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अंगठ्याच्या नखात कळ भरली होती.

"तुमच्या सोयीसाठीच म्हणतोय मी," सर दुखावून म्हणाले.

"माहितीये, सर," मी म्हणाले. "दुखू दे. तुम्ही बाजूला व्हा, मला वर जायचंय."